सेंद्रिय संयुगांची रचनानिश्चिती

सेंद्रिय संयुगांची रचनानिश्चिती म्हणजे एखाद्या शुद्ध सेंद्रिय संयुगाच्या रेणूत कोणकोणते अणू किती आहेत, कोणता अणू कोणाशी कशा बंधाने जोडलेला आहे आणि त्या अणूंची अवकाशातील मांडणी कशी आहे, हे पुराव्यांच्या आधारे ठरवण्याची प्रक्रिया होय. रेणू डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे त्याची रचना अप्रत्यक्ष खुणांवरून काढावी लागते. ज्वलनात मिळणाऱ्या वायूंचे वजन, रासायनिक कसोट्या, रेणू तोडल्यावर मिळणारे तुकडे, निरनिराळे वर्णपट आणि स्फटिकांतून विवर्तित होणारे क्ष-किरण ही या खुणांची मुख्य साधने आहेत.

रसायनशास्त्राच्या पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांत, तसेच अनेक प्रवेशपरीक्षांत, या विषयावरील प्रश्न नेमाने विचारले जातात. अशा प्रश्नांत अज्ञात संयुगाविषयी काही निरीक्षणे दिलेली असतात आणि त्यांवरून रचना काढायची असते. संशोधनाच्या प्रयोगशाळेतील काम आणि परीक्षेतील प्रश्न यांमागील तर्क एकच असतो. एखाद्या पुराव्याची किंमत तो किती शक्यता बाद करतो यावरून ठरते. सुचलेली रचना सर्व निरीक्षणांशी जुळते एवढ्याने ती सिद्ध होत नाही. तिच्या प्रतिस्पर्धी रचना जुळत नाहीत हेही दाखवावे लागते.

## गरज

सारखेच रेणुसूत्र पण वेगळी रचना असणाऱ्या संयुगांना समघटक म्हणतात. २ कार्बन, ६ हायड्रोजन व १ ऑक्सिजन एवढ्या अणूंपासून एथिल अल्कोहोल हा द्रव होतो, तसाच डायमिथिल ईथर हा वायूही होतो. दोहोंच्या रेणूंचे वजन तेच, मूलद्रव्यांची टक्केवारी तीच. गुणधर्म मात्र पूर्णपणे भिन्न. अणूंची संख्या वाढते तशी समघटकांची संख्या झपाट्याने वाढते. १० कार्बन व २२ हायड्रोजन असलेल्या साध्या संपृक्त हायड्रोकार्बनाचेसुद्धा ७५ रचना-समघटक संभवतात.

औषध, रंग, सुगंधी द्रव्य किंवा कीटकनाशक यांचे कार्य रेणूच्या रचनेवर अवलंबून असते. रचना कळल्याखेरीज तो पदार्थ कारखान्यात तयार करता येत नाही आणि त्यात हेतुपूर्वक बदल करून नवा पदार्थही घडवता येत नाही. निळीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ फोन बायर यांनी १८८३ मध्ये निळीच्या रंगद्रव्याची रचना मांडली आणि १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. त्यानंतर बंगाल-बिहारमधील निळीची शेती व व्यापार कोसळला. १९१७ च्या चंपारण सत्याग्रहामागे जो रयतेचा असंतोष होता, त्याला या घसरणीची पार्श्वभूमी होती.

## ऐतिहासिक आढावा

सेंद्रिय पदार्थ जाळून त्यांतील कार्बन व हायड्रोजन मोजण्याची पद्धत लाव्हाझिए यांच्या काळापासून विकसित होत होती. युस्टुस फोन लीबिग यांनी १८३१ मध्ये कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारे काचेचे पाच फुगे असलेले उपकरण तयार केले आणि हे विश्लेषण जलद व विश्वासार्ह बनले. त्याच सुमारास, १८३० मध्ये, बर्झेलियस यांनी समघटकतेची संकल्पना नावारूपास आणली. केवळ टक्केवारीवरून पदार्थ ओळखता येत नाही, हे तेव्हा स्पष्ट झाले.

कार्बनाची संयुजा चार असते आणि कार्बन अणू एकमेकांशी जोडून शृंखला बनवतात, हे केकुले आणि कूपर यांनी १८५८ मध्ये स्वतंत्रपणे मांडले. बुटलेरोव्ह यांनी १८६१ मध्ये ‘रासायनिक रचना’ ही संज्ञा आजच्या अर्थाने वापरली. १८६५ मध्ये केकुले यांनी बेंझिनासाठी वलयाकृती रचना सुचवली. १८७४ मध्ये व्हान्ट हॉफ आणि ल बेल यांनी कार्बनाचे चार बंध चतुष्फलकाच्या कोपऱ्यांकडे रोखलेले असतात असे प्रतिपादन केले व अवकाशीय रचनेचा अभ्यास सुरू झाला. त्याच आधारावर एमिल फिशर यांनी १८९१ मध्ये ग्लुकोजमधील अणूंची अवकाशीय मांडणी काढून दाखवली.

वर्णपटांची साधने येण्यापूर्वी हे काम किती दीर्घ चाले, याची कल्पना काजऱ्याच्या बियांतील स्ट्रिक्नीन या विषारी द्रव्यावरून येते. ते १८१८ मध्ये पेल्त्ये व कॅव्हँटू यांनी वेगळे केले; त्याची योग्य रचना मात्र रॉबर्ट रॉबिन्सन यांनी १९४६ मध्ये मांडली. मधल्या काळात अनेक रसायनशास्त्रज्ञांनी या एका रेणूवर आपली उमेद खर्च केली. आज एवढ्याच गुंतागुंतीच्या रेणूची रचना, पुरेसा शुद्ध नमुना असल्यास, बहुधा काही दिवसांत ठरते.

## रेणुसूत्र काढणे

रचनेकडे जाण्याची पहिली पायरी रेणुसूत्राची असते. पुढील उदाहरण या लेखात पुन्हा वापरले आहे.

एका द्रव संयुगाचे ०.४४ ग्रॅम जाळले असता ०.८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ०.३६ ग्रॅम पाणी मिळाले. कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन यांखेरीज दुसरे मूलद्रव्य त्यात आढळले नाही. त्याची बाष्पघनता हायड्रोजनच्या तुलनेत ४४ आहे.

कार्बन डायऑक्साइडच्या दर ४४ भागांत १२ भाग कार्बन असतो. म्हणून नमुन्यात कार्बन ०.२४ ग्रॅम आहे. पाण्याच्या दर १८ भागांत २ भाग हायड्रोजन असतो. म्हणून हायड्रोजन ०.०४ ग्रॅम. उरलेले ०.१६ ग्रॅम ऑक्सिजनचे. या वजनांना अनुक्रमे १२, १ व १६ या अणुवस्तुमानांनी भागल्यास ०.०२, ०.०४ व ०.०१ असे आकडे येतात. म्हणजे अणूंचे गुणोत्तर २ : ४ : १ आहे. या सर्वांत साध्या सूत्राचे वस्तुमान ४४ भरते. बाष्पघनतेच्या दुप्पट, म्हणजे ८८, हे रेणुवस्तुमान आहे. म्हणून साध्या सूत्राची दुप्पट करावी लागते. संयुगाचे रेणुसूत्र ४ कार्बन, ८ हायड्रोजन, २ ऑक्सिजन असे ठरते.

ज्वलनाच्या विश्लेषणातून केवळ गुणोत्तर मिळते. ॲसिटाल्डिहाइडचे गुणोत्तरही २ : ४ : १ असेच आहे. म्हणून रेणुवस्तुमान स्वतंत्रपणे मोजल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आता हे काम मुख्यतः वस्तुमान वर्णपटमापकाने होते. उच्च विभेदनक्षमतेचा मापक रेणूचे वस्तुमान दशांश चिन्हापुढील तीन-चार स्थळांपर्यंत देतो व त्यावरून रेणुसूत्राचे पर्याय अगदी थोडे उरतात.

## असंपृक्ततेचा अंक

रेणुसूत्र हाती आल्यावर रेणूत वलये आणि बहुबंध मिळून किती आहेत, हे साध्या गणिताने कळते. या संख्येला असंपृक्ततेचा अंक म्हणतात. कार्बनांची संख्या दुप्पट करून तीत २ मिळवावेत. नायट्रोजनांची संख्या मिळवावी. हायड्रोजन व हॅलोजन यांची एकूण संख्या वजा करावी. येणाऱ्या बाकीला २ ने भागावे. ऑक्सिजन व द्विसंयुजी गंधक यांचा या गणितात विचार करावा लागत नाही.

एक वलय किंवा एक दुहेरी बंध म्हणजे अंक १. तिहेरी बंध म्हणजे अंक २. बेंझिनाच्या वलयाचा अंक ४ असतो, कारण त्यात एक वलय व तीन दुहेरी बंध मोजले जातात. वरील उदाहरणात दुप्पट कार्बन ८, अधिक २, उणे ८ हायड्रोजन, म्हणजे बाकी २ आणि अंक १. त्यामुळे या रेणूत एकच दुहेरी बंध आहे किंवा एकच वलय आहे. तिहेरी बंध, बेंझिन वलय किंवा दोन कार्बोनिल गट असणाऱ्या सर्व रचना येथेच बाद होतात.

## रासायनिक कसोट्या

क्रियात्मक गट ओळखण्यासाठी विशिष्ट विक्रियाकारक वापरतात. सोडियम बायकार्बोनेटबरोबर बुडबुडे आल्यास कार्बोक्सिलिक आम्लाचा संशय येतो. टॉलेन्सच्या विक्रियाकारकाने परीक्षानळीत चांदीचा आरसा उमटल्यास अल्डिहाइड असण्याची शक्यता असते. आयोडीन व क्षार यांच्याबरोबर आयोडोफॉर्मचा पिवळा साका मिळाल्यास कार्बोनिल गटाला किंवा हायड्रॉक्सिल असलेल्या कार्बनाला मिथिल गट जोडलेला असावा, असे कळते.

उदाहरणातील संयुग बायकार्बोनेटबरोबर बुडबुडे देत नाही. म्हणून ब्युटॅनॉइक आम्ल आणि २-मिथिलप्रोपॅनॉइक आम्ल हे दोन्ही पर्याय गळतात. क्षाराबरोबर उकळल्यावर ते एका आम्लाचा क्षार आणि एक अल्कोहोल देते. म्हणजे ते एस्टर आहे. या रेणुसूत्राची चार एस्टरे संभवतात. चौघांचे जलीय विच्छेदन पुढीलप्रमाणे होते :

| एस्टर | मिळणारे आम्ल | मिळणारे अल्कोहोल | आम्लाची टॉलेन्स कसोटी | अल्कोहोलाची आयोडोफॉर्म कसोटी |
|---|---|---|---|---|
| मिथिल प्रोपॅनोएट | प्रोपॅनॉइक | मिथिल | नाही | नाही |
| एथिल ॲसिटेट | ॲसिटिक | एथिल | नाही | होय |
| प्रोपिल फॉर्मेट | फॉर्मिक | प्रोपिल | होय | नाही |
| आयसोप्रोपिल फॉर्मेट | फॉर्मिक | आयसोप्रोपिल | होय | होय |

मिळालेल्या अल्कोहोलाने आयोडोफॉर्म दिले आणि आम्लाने चांदीचा आरसा दिला नाही, तर उत्तर एथिल ॲसिटेट हेच येते. केवळ आयोडोफॉर्मच्या कसोटीवर थांबले असते तर आयसोप्रोपिल फॉर्मेटही शिल्लक राहिले असते. या ठिकाणी न आलेल्या आरशाचा, म्हणजे नकारात्मक पुराव्याचा, वाटा होकारात्मक पुराव्याइतकाच आहे. दोन कसोट्यांनी चार पर्याय चार वेगळ्या खणांत विभागले, म्हणून उत्तर एकमेव ठरले.

कसोट्यांना मर्यादाही आहेत. ब्रोमीनच्या पाण्याचा रंग दुहेरी बंधामुळे जातो, तसा फिनॉलामुळेही जातो. फॉर्मिक आम्ल हे आम्ल असूनही टॉलेन्सची कसोटी देते, हे वरील तक्त्यात दिसतेच. म्हणून एकाच कसोटीवर विसंबून निष्कर्ष काढत नाहीत.

## रेणूचे विच्छेदन

मोठा रेणू ठरावीक जागी तोडून त्याचे ओळखीचे तुकडे मिळवणे आणि तुकड्यांवरून मूळ रेणू जुळवणे, ही जुनी व परिणामकारक पद्धत आहे. ओझोनविच्छेदनात कार्बन-कार्बन दुहेरी बंध तुटतो आणि तुटलेल्या दोन्ही टोकांना ऑक्सिजन जोडला जातो. मिळालेल्या दोन तुकड्यांतील ऑक्सिजन काढून टोके जोडली की मूळ अल्कीन परत उभे राहते.

६ कार्बन व १२ हायड्रोजन असलेले एक संयुग ब्रोमीनचा रंग घालवते आणि ओझोनविच्छेदनात एकच पदार्थ देते, असे समजू. असंपृक्ततेचा अंक १ आहे व तो दुहेरी बंधाने खर्ची पडतो. एकच पदार्थ मिळतो, म्हणजे दुहेरी बंधाच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत. प्रत्येक तुकड्यात ३ कार्बन असले पाहिजेत. तीन कार्बनांचा हा तुकडा ॲसिटोन किंवा प्रोपॅनाल असू शकतो. तो आयोडोफॉर्म देत असेल तर ॲसिटोन, व मूळ संयुग २,३-डायमिथिलब्युट-२-ईन. तो चांदीचा आरसा देत असेल तर प्रोपॅनाल, व मूळ संयुग हेक्स-३-ईन.

दुसऱ्या पर्यायात प्रश्न पूर्णपणे सुटत नाही. हेक्स-३-ईन समपक्ष व विपक्ष अशा दोन अवकाशीय रूपांत असते आणि दोन्ही रूपे ओझोनविच्छेदनात तोच प्रोपॅनाल देतात. बंध तुटताना त्याच्या भूमितीची खूण नाहीशी होते. ती दुसऱ्या मार्गाने शोधावी लागते, उदा., विपक्ष रूपाच्या अवरक्त वर्णपटात ९७० प्रति सेंमी. च्या आसपास ठळक शोषणपट्टा असतो.

### उदाहरण : हळदीतील कर्क्युमिन

हळदीला पिवळा रंग देणारे कर्क्युमिन हे द्रव्य १८१५ मध्ये फोगेल व पेल्त्ये यांनी वेगळे केले. त्याचे रेणुसूत्र २१ कार्बन, २० हायड्रोजन, ६ ऑक्सिजन असे आहे. असंपृक्ततेचा अंक १२ येतो. एवढ्या लहान रेणूत तो मोठा आहे व त्यावरून बेंझिन वलयांची शक्यता दिसते. क्षाराबरोबर उकळल्यावर कर्क्युमिनापासून फेरुलिक आम्ल व व्हॅनिलिक आम्ल मिळते. या दोन्ही आम्लांत बेंझिन वलयावर एक मिथॉक्सी व एक हायड्रॉक्सिल गट सारख्याच स्थानांवर असतात.

फेरुलिक आम्लातून हायड्रॉक्सिल काढल्यावर उरणाऱ्या गटात १० कार्बन, ९ हायड्रोजन व ३ ऑक्सिजन असतात. असे दोन गट घेतले तर २० कार्बन, १८ हायड्रोजन व ६ ऑक्सिजन होतात. कर्क्युमिनाच्या सूत्रातून ते वजा केल्यावर १ कार्बन व २ हायड्रोजन उरतात. म्हणजे दोन फेरुलिक गटांना मधोमध जोडणारा एक मिथिलीन गट. पडताळा घेतल्यास दोन बेंझिन वलयांचे ८, दोन कार्बन-कार्बन दुहेरी बंधांचे २ आणि दोन कार्बोनिल गटांचे २, मिळून १२ हा अंक बरोबर भरतो.

ही रचना मिवोबेंज्का, कोस्टानेत्स्की व लाम्पे यांनी १९१० मध्ये मांडली आणि लाम्पे यांनी १९१८ मध्ये संश्लेषणाने तिला पुष्टी दिली. पुढील काळातील क्ष-किरण व वर्णपटीय अभ्यासांतून असे दिसले की स्फटिकात आणि बहुतेक द्रावणांत मधल्या भागातील एक कार्बोनिल गट ईनॉल रूपात असतो. अणूंची संख्या व असंपृक्ततेचा अंक यांत त्यामुळे फरक पडत नाही. हायड्रोजनाचे स्थान मात्र बदलते.

## समघटक मोजण्याची पद्धत

विल्हेल्म कोर्नर यांनी १८७४ मध्ये केवळ समघटकांच्या मोजणीवरून बेंझिनावरील गटांची स्थाने ठरवण्याची पद्धत दिली. डायब्रोमोबेंझिनाचे तीन समघटक आहेत : ऑर्थो, मेटा व पॅरा. यांपैकी कोणत्या बाटलीत कोणता आहे, हे कसे ओळखावे? कोर्नर यांनी प्रत्येकात तिसरा ब्रोमीन घातल्यास किती वेगळी संयुगे मिळतात, हे पाहिले.

पॅरा समघटकात उरलेली चारही स्थाने समान आहेत. म्हणून एकच ट्रायब्रोमोबेंझिन मिळते. ऑर्थोमध्ये दोन प्रकारची स्थाने उरतात. म्हणून दोन संयुगे मिळतात. मेटामध्ये तीन प्रकारची स्थाने असल्याने तीन संयुगे मिळतात. कोणत्याही वर्णपटाविना, केवळ मोजणीने, तिन्ही बाटल्यांवर निश्चित नाव लिहिता येते.

या युक्तिवादाचा एक आधार असा की बेंझिनातील सहाही स्थाने समान आहेत. लाडेनबुर्ख यांनी १८६९ मध्ये सुचवलेली त्रिकोणी लोलकाची आकृतीही समघटकांची तेवढीच संख्या देत होती. त्यामुळे मोजणीवरून लोलक व षट्कोन यांत निवड करणे शक्य नव्हते. ती निवड इतर रासायनिक पुराव्यांनी झाली आणि १९२९ मध्ये कॅथलीन लाँसडेल यांनी हेक्झामिथिलबेंझिनाच्या स्फटिकावरील क्ष-किरण अभ्यासाने वलय सपाट व षट्कोनी असल्याचे दाखवले.

## वर्णपटांचा पुरावा

विसाव्या शतकाच्या मध्यापासून विच्छेदनाची जागा वर्णपटांनी घेतली. त्यांसाठी नमुना थोडा लागतो आणि बहुतेक पद्धतींत तो नष्टही होत नाही. प्रत्येक पद्धत वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते.

* अवरक्त वर्णपट क्रियात्मक गट दाखवतो. एस्टरातील कार्बोनिल सुमारे १७३५–१७५० प्रति सेंमी. येथे, साध्या कीटोनातील सुमारे १७१५ येथे शोषण दाखवतो. कार्बोक्सिलिक आम्लाचा हायड्रॉक्सिल गट २५०० ते ३३०० पर्यंत पसरलेला रुंद पट्टा देतो.
* जंबुपार (अतिनील) वर्णपट एकाआड एक असलेल्या दुहेरी बंधांची साखळी ओळखण्यास उपयोगी पडतो.
* वस्तुमान वर्णपट रेणुवस्तुमान व तुटलेल्या तुकड्यांची वस्तुमाने देतो. क्लोरीन असल्यास दोन एककांच्या अंतरावर सुमारे ३ : १ प्रमाणाची, ब्रोमीन असल्यास जवळजवळ १ : १ प्रमाणाची शिखरांची जोडी दिसते. रेणुवस्तुमान विषम असल्यास नायट्रोजनांची संख्या विषम असते.
* केंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदन, प्रयोगशाळेच्या बोलीत एनएमआर, हायड्रोजन व कार्बन अणूंचा परिसर आणि शेजार सांगते. संकेतांची संख्या म्हणजे अणूंचे प्रकार, क्षेत्रफळ म्हणजे हायड्रोजनांची संख्या, स्थान म्हणजे परिसर व शिखरांची फूट म्हणजे शेजारच्या हायड्रोजनांची संख्या. साध्या प्रकरणांत शेजारी जितके हायड्रोजन, त्यापेक्षा एक अधिक शिखरे दिसतात.
* क्ष-किरण विवर्तन चांगला स्फटिक मिळाल्यास अणूंची स्थाने थेट दाखवते.

पूर्वीच्या उदाहरणातील एथिल ॲसिटेट व मिथिल प्रोपॅनोएट यांची तुलना केल्यास वर्णपट कसे वाचावेत हे स्पष्ट होते. दोघांच्याही हायड्रोजन वर्णपटात तीन संकेत असतात : ३ हायड्रोजनांचा त्रिशिखी, २ हायड्रोजनांचा चतुःशिखी आणि ३ हायड्रोजनांचा एकेरी. नुसती शिखरे व क्षेत्रफळे मोजणाऱ्यास दोन्ही संयुगे सारखीच वाटतील. भेद स्थानात आहे. ऑक्सिजनला थेट जोडलेल्या कार्बनावरील हायड्रोजनांचा संकेत ४ पीपीएमच्या आसपास येतो, कार्बोनिलच्या शेजारील हायड्रोजनांचा २ च्या आसपास. एथिल ॲसिटेटमध्ये चतुःशिखी संकेत सुमारे ४.१ वर व एकेरी २.० वर असतो. मिथिल प्रोपॅनोएटमध्ये एकेरी सुमारे ३.७ वर व चतुःशिखी २.३ वर असतो. पहिल्यात ऑक्सिजनला एथिल गट जोडलेला आहे, दुसऱ्यात मिथिल. वस्तुमान वर्णपटही याला दुजोरा देतो : पहिल्यात ४३ वर ॲसिटिल तुकड्याचे, दुसऱ्यात ५७ वर प्रोपॅनॉइल तुकड्याचे ठळक शिखर दिसते.

## चुकलेल्या रचना

नामवंत संशोधकांनी मांडलेल्या रचनाही पुढे चुकीच्या ठरल्या आहेत. पित्ताम्लांवरील कार्यासाठी हाइनरिख वीलांड यांना १९२७ चे व स्टेरॉलांवरील कार्यासाठी आडोल्फ व्हिंडाउस यांना १९२८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी कोलेस्टेरॉलच्या सांगाड्याची जी आकृती स्वीकारली गेली होती, ती विच्छेदनाच्या पुराव्यांशी जुळत होती. १९३२ मध्ये जे. डी. बर्नाल यांनी अर्गोस्टेरॉल व संबंधित संयुगांच्या स्फटिकांवरून रेणूची लांबी-रुंदी मोजली. ती या आकृतीत बसेना. त्याच वर्षी रोझेनहाइम व किंग यांनी, तसेच वीलांड व डाने यांनी, वलयांची मांडणी सुधारली. आज पाठ्यपुस्तकांत दिसतो तो चार वलयांचा सांगाडा त्यातून आला.

पेनिसिलिनच्या बाबतीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दोन रचनांचा वाद होता. दोन्ही आकृत्या रेणुसूत्रात बसत होत्या. चार अणूंचे ताणलेले बीटा-लॅक्टम वलय अनेकांना असंभाव्य वाटे. डोरोथी हॉजकिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४५ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने तेच वलय असल्याचे दाखवले. पेनिसिलिनची जंतुनाशक शक्ती याच वलयात असते आणि पुढील अनेक अर्धसंश्लेषित प्रतिजैविके त्याच्या ज्ञानावर उभी राहिली.

आधुनिक साधने असूनही असे प्रसंग घडतात. कर्करोगावरील संभाव्य औषध म्हणून अभ्यासल्या जाणाऱ्या टीआयसी-१० या संयुगासाठी तीन वलयांची सरळ रेषेतील रचना प्रसिद्ध झाली होती. अमेरिकेतील स्क्रिप्स संशोधन संस्थेतील रसायनशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये ती रचना तयार केली, तेव्हा तिच्यात अपेक्षित जैविक क्रिया आढळली नाही. क्रियाशील पदार्थ प्रत्यक्षात कोनात जोडलेल्या वलयांचा समघटक निघाला. दोहोंचे रेणुसूत्र तेच असल्याने केवळ रेणुवस्तुमान मोजून हा भेद दिसणे शक्य नव्हते.

## प्रश्न सोडवताना

परीक्षेतील प्रश्नासाठी सामान्यतः पुढील क्रम सोयीचा ठरतो :

# रेणुसूत्र काढावे व असंपृक्ततेचा अंक मोजावा.
# क्रियात्मक गट ठरवावेत व अंकातून त्यांचा वाटा वजा करावा.
# निश्चित झालेले तुकडे स्वतंत्रपणे लिहावेत. त्यांतील अणू रेणुसूत्रातून वजा करून काय उरते ते पाहावे.
# तुकडे जोडण्याचे सर्व मार्ग कागदावर काढावेत. पहिल्या जुळणाऱ्या आकृतीवर थांबू नये.
# प्रत्येक आकृती प्रत्येक निरीक्षणाशी ताडून पाहावी व बाद होणारी आकृती कोणत्या निरीक्षणाने बाद झाली ते लिहावे.
# उरलेल्या रचनेवरून सर्व निरीक्षणांचे भाकीत उलट दिशेने करून पडताळा घ्यावा.

नेहमी आढळणाऱ्या चुकांत ओळखीचे संयुग आधी मनाशी धरून पुरावा त्याच्याकडे वळवणे, ‘विक्रिया होत नाही’ ही माहिती दुर्लक्षिणे आणि अवकाशीय समघटक विसरणे या प्रमुख आहेत. एकापेक्षा अधिक रचना शिल्लक राहत असतील, तर तसे नमूद करून त्यांतील भेद कोणत्या प्रयोगाने कळेल हे लिहिणे हेच योग्य उत्तर असते. प्रयोगशाळेत नमुन्याच्या शुद्धतेकडेही लक्ष द्यावे लागते. वर उल्लेखिलेला एथिल ॲसिटेट हा नित्य वापरातील द्रावक आहे. नमुना नीट वाळवला नसल्यास ४.१, २.० व १.३ पीपीएमच्या आसपासचे त्याचे संकेत अज्ञात संयुगाचे समजले जाण्याचा धोका असतो.

## भारतातील कार्य

एनएमआर पद्धतीच्या प्रारंभाशी एका भारतीय शास्त्रज्ञाचे नाव निगडित आहे. १९५१ मध्ये आर्नोल्ड, धर्मट्टी व पॅकार्ड यांनी एथिल अल्कोहोलातील तीन प्रकारच्या हायड्रोजनांचे वेगवेगळे संकेत दाखवले. रेणूची रचना या पद्धतीने वाचता येईल, हे त्यातून प्रकट झाले. यांतील एस. एस. धर्मट्टी यांनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाचे संशोधन सुरू केले.

पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० मध्ये सुरू झाली. के. वेंकटरामन हे तिचे पहिले भारतीय संचालक होते. त्यांच्या गटाने १९६० च्या दशकात लाखेतील तांबड्या रंगद्रव्यांच्या, म्हणजे लॅकाइक आम्लांच्या, रचनेवर काम केले. वनस्पतिज टर्पीनांच्या रचनेवरील सुख देव यांचे संशोधनही याच प्रयोगशाळेशी निगडित आहे.

## हेही पहा

* समघटकता
* क्रियात्मक गट
* वर्णपटविज्ञान
* क्ष-किरण स्फटिकविज्ञान
* बेंझिन
* कर्क्युमिन